मॉरिस मायनरचे पुढचे ट्रनियन आणि किंग पिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अजून बऱ्याच घरांच्या पार्किंगमध्ये कापडाखाली झाकलेली एखादी मायनर असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी सांभाळलेली, आता नातवाच्या वाट्याला आलेली. अशा नातवंडांचे मला सारखे फोन येतात. इंजिन, कार्ब्युरेटर, रंग याबद्दल सगळे विचारतात. पुढच्या सस्पेन्शनच्या सांध्यांबद्दल मात्र खटखट सुरू झाल्यावरच विचारतात, आणि तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

ट्रनियन म्हणजे नक्की काय? आमचा मिस्त्री त्याला बॉल जॉइंट म्हणतो.

मायनरच्या पुढच्या चाकाला बॉल जॉइंट नाही. तिथे एक उभा किंग पिन आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे पाडलेले आहेत, आणि त्या आट्यांवर एकेक ट्रनियन फिरवून बसवलेला असतो. बोल्टवर नट बसवावा तसाच. स्टिअरिंग वळवलं की पिन या दोन ट्रनियनमध्ये फिरतो. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत, म्हणजे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवलं तरी, तो पाव फेराही पुरा फिरत नाही, त्यामुळे आट्यांमुळे होणारा वर-खाली फरक जाणवतसुद्धा नाही.

वरचा ट्रनियन शॉकअबच्या हाताला जोडलेला असतो. मायनरला लिव्हरवाला शॉकअब आहे आणि त्याचा हात हाच वरचा सस्पेन्शन आर्म. खालचा ट्रनियन खालच्या आर्मला. त्या आर्मच्या आतल्या टोकाला टॉर्शन बार आहे, म्हणजे गाडीच्या तळाशी लांबीत टाकलेली, पीळ घेणारी पोलादी कांब. स्प्रिंगचं सगळं काम तीच करते. अ‍ॅलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली, तेव्हापासून शेवटपर्यंत ही रचना तीच राहिली. हिंदुस्तान मोटर्सची बेबी हिंदुस्तान याच मायनरवरून निघाली, त्यामुळे तिच्या मालकांनीही हे वाचावं.

खालच्या ट्रनियनला सगळे इतकं का घाबरतात?

जमीन चाकाला वर ढकलते. चाकाबरोबर किंग पिन वर जाऊ बघतो. टॉर्शन बार खालच्या आर्मला खाली दाबत असतो, आणि आर्मला खालचा ट्रनियन अडकवलेला आहे. म्हणजे पिन वर ओढला जातोय, ट्रनियन खाली ओढला जातोय, आणि दोघांना धरून ठेवलंय ते फक्त आट्यांनी. त्या कोपऱ्यावरचं गाडीचं वजन अक्षरशः त्या आट्यांना लटकलेलं आहे. आटे झिजून संपले की पिन ट्रनियनमधून उपसून बाहेर येतो, चाक बाजूला आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते.

हे आमच्या घरी झालेलं आहे. वडिलांची 1959 ची मायनर 1000. सकाळी आम्ही कात्रजचा जुना घाट उतरून आलो होतो, आई मागे बसली होती. दुपारी नारायण पेठेतल्या एका बोळातून बाहेर पडताना वडिलांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं. गाडी माणूस चालतो त्या वेगात होती. एक कडक आवाज झाला आणि पुढचं डावं चाक मडगार्डखाली दुमडलं. कोणाला काही लागलं नाही. पण वडील स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. ते शेवटी एवढंच म्हणाले, "दोन तासांपूर्वी घाटात होतो आपण."

महिन्याभरापूर्वीच गाडी सर्व्हिसिंगहून आली होती आणि बिलावर ग्रीसिंगचे पैसे लावलेले होते. मी सांधा उघडला तेव्हा खालच्या निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या बोंडीवर, वाळलेल्या चिखलाची टोपी होती आणि त्या चिखलावर अंडरबॉडीचा काळा रंग मारलेला होता. त्या निपलला वर्षानुवर्षं ग्रीस गन लागलेलीच नव्हती.

आधी काही सूचना मिळत नाही का?

फारशी नाही, आणि खरा धोका तोच आहे. खड्ड्यातली खटखट बहुतेक वेळा शॉकअबच्या हाताच्या किंवा आतल्या आय बोल्टच्या (खालचा आर्म आतल्या टोकाला धरणाऱ्या बोल्टच्या) रबरी बुशची असते. ब्रेक दाबल्यावर पुढे एकच ठोका येत असेल तर आर्मपासून पुढे जाणाऱ्या टाय बारचे रबर बघा. स्टिअरिंग जड झालं असेल, वळणानंतर आपोआप सरळ होत नसेल, तर ट्रनियन कोरडे पडलेत असं समजा. पण खालचे आटे झिजतात ते गुपचूप झिजतात, कारण गाडीचं वजन त्यांना कायम एकाच बाजूला दाबून धरतं. सैल असूनही ते वाजत नाहीत. त्यामुळे "आवाज नाही, म्हणजे ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही.

न उघडता प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, कसा तपासायचा?

जॅक कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. बॉडीखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवलंत, तर टॉर्शन बार तेव्हाही आर्मला खाली दाबतच असतो, सांधा ताणलेलाच राहतो आणि प्ले लपून जातो. पुण्यातल्या चांगल्या चांगल्या मिस्त्रींना मी हीच चूक करताना पाहिलं आहे. जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, ट्रनियनच्या जितका जवळ लावता येईल तितका, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून लावा. चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. आता टॉर्शन बारचा जोर जॅकवर आला आणि सांधा मोकळा झाला.

चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. प्ले जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला, तर तो व्हील बेअरिंगचा होता. तसाच राहिला, तर ट्रनियनचा. मग टायरखाली पहार घालून हलकेच वर उचला, दुसऱ्याचं बोट खालच्या ट्रनियन आणि पिनच्या सांध्यावर ठेवा. बोटाला ही हालचाल डोळ्याआधी कळते. ग्रीसच्या थराची मऊ हालचाल वेगळी आणि धातूवर धातूचा टक्क ठोका वेगळा. ठोका लागला किंवा हालचाल डोळ्यांना दिसली, तर गाडी तिथेच उभी ठेवा. गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टेम्पोत चढवून न्या.

घरी पार्किंगमध्ये उघडता येईल का? काय काय लागेल?

येईल, जमीन सपाट आणि पक्की असेल तर. पेव्हर ब्लॉकवर किंवा मातीवर नको. दोन भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), एक ट्रॉली जॅक, मागच्या चाकांना लावायला लाकडी पाचर, टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) सांधा सोडवायचा पुलर, दोन हातोडे, तारेचा ब्रश, भरपूर चिंध्या.

पाने मात्र इंची हवेत. नेहमीच्या मिलिमीटरच्या पान्यांनी या गाडीचे नट गोल होतात. उदाहरणार्थ 9/16 इंचाचा नट 14.3 मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा घसरतो. मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे सकाळी लवकर गेलात तर जुने इंची रिंग पाने मिळून जातात. माझा अर्धा संच तिथलाच आहे. स्प्लिट पिन, ग्रीस निपल, बेअरिंग नाना पेठेत.

उघडायचा क्रम सांगा.

दोन दिवस आधीपासून सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. या कामात घाईने काही मिळवता येत नाही.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. गाडी उचला, चासीच्या मजबूत भागाखाली घोड्या लावा, हँडब्रेक ओढा, पाचर लावा. चाक काढा. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. घोडी घसरली तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

आता जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावा आणि आर्म थोडा वर उचला, टॉर्शन बारचा जोर जॅकवर येईल एवढा. इथून पुढे किंग पिन आणि ट्रनियन बाहेर येईपर्यंत हा जॅक हलवायचा नाही. पीळ भरलेला टॉर्शन बार अचानक सुटला तर आर्म खाली इतक्या जोराने येतो की हाताचं हाड राहणार नाही. मी हे भीती घालायला सांगत नाही. माझ्या शेजारी काम करणाऱ्या एका मुलाची दोन बोटं यात गेलेली मी पाहिली आहेत.

ब्रेकचा ड्रम काढा. आतली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. बॅकप्लेट (ड्रममागची, ब्रेकचे भाग धरणारी पत्र्याची थाळी) सोडवून तारेने वर बांधून ठेवा. ब्रेकच्या रबरी पाइपवर तिचं वजन लोंबू देऊ नका, बाहेरून पाइप ठीक दिसतो पण आतून फाटतो.

टाय रॉडच्या टोकाचा नट काढा. पुलर बसत नसेल तर स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याला एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने एकच नेमका घाव घाला. डोळ्यात घट्ट बसलेला निमुळता पिन सुटतो. त्या पिनच्या आट्यावर मात्र कधीही ठोकू नका.

मग वरच्या ट्रनियनचा फुलक्रम पिन (ट्रनियनला आर्मशी जोडणारा आडवा पिन) आणि त्याचे रबरी बुश सोडवा, वरचं टोक मोकळं होईल. खाली टाय बारचा बोल्ट काढा, खालच्या आर्मचा पुढचा अर्धा भाग आणि ट्रनियनच्या फुलक्रम पिनचा नट सोडवा. पुढचा भाग बाहेर आला की किंग पिन आणि दोन्ही ट्रनियन असा सगळा जुडगा पुढे ओढून काढता येतो. तो हातात आल्यावरच जॅक अगदी सावकाश खाली सोडा, बारचा पीळ संपून आर्म सैल होईपर्यंत.

प्रत्येक वॉशर आणि सील ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि मोबाइलने फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

टॉर्शन बारही काढायचा का?

ट्रनियनसाठी गरज नाही. काढलाच, तर खुणा करून काढा आणि डावा-उजवा अदलाबदल करू नका. वर्षानुवर्षं एकाच दिशेने पीळ घेतलेला बार उलट्या दिशेला टिकत नाही.

आता हातात आलं. बघायचं काय?

ट्रनियन पिनवरून फिरवून काढण्याआधी तो पिनवरच धरून हलवून बघा. मग किती फेऱ्यांत निघतो ते मोजून लिहून ठेवा. डिझेलमध्ये सगळं स्वच्छ धुवा, ब्रश मारा, कोरडं करा आणि उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली आट्यांची झीज दिसत नाही.

पिनवर काही आटे असे असतात जे ट्रनियनच्या आत कामाला येतच नाहीत. ते कोरे राहतात. तो तुमचा मापदंड. कोऱ्या आट्याचा माथा रुंद आणि सपाट दिसतो. कामातले आटे झिजले असतील तर माथा निमुळता होऊन सुरीच्या धारेसारखा होतो, आणि झीज एकाच बाजूला असते, ज्या बाजूने वजन ओढतं त्या बाजूला. अंगठ्याचं नख आट्यांवरून आडवं फिरवा. कोऱ्या आट्यांवर ते टक टक करत जातं, झिजलेल्यांवर नुसतं सरकतं.

वडिलांच्या गाडीतून जो खालचा ट्रनियन निघाला तो मी अजून खिडकीत ठेवला आहे. आत बोट घातलं तर वरचे एक-दोन आटे हाताला लागतात, त्यानंतर भिंत गुळगुळीत आहे. ग्रीसच्या जागी विटकरी रंगाची कोरडी पूड निघाली होती, चिमटीत घेतली तर कुंकवासारखी बोटांना लागत होती. हीच पूड तुमच्याकडे निघाली, तर आटे बघायच्या आधीच समजा की तिथे पाणी गेलं आहे आणि ग्रीस गेलेलं नाही.

गंजाचे खड्डे, पिनला वाक, आट्याच्या मुळाशी केसासारखी रेघ, यातलं काहीही दिसलं तर तो भाग बाद. रेघेची शंका असेल तर भोसरी-चिंचवडकडे चुंबकीय पद्धतीने तडा तपासून देणाऱ्या लॅब आहेत, तिथे नेऊन खात्री करून घ्या.

पिन चांगला आहे, फक्त ट्रनियन बदलला तर?

नको. झिजलेल्या पिनवर नवा ट्रनियन घातला की सगळं वजन मोजक्या जागांवर येतं आणि नवाही लवकर संपतो. जोडीच बदला.

लेथवर बनवून घेता येईल का? भोसरीत सगळं बनतं.

बनतं, आणि तिथल्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. फुलक्रमचे पिन, वॉशर, स्पेसर मी तिथूनच करून घेतो. पण किंग पिन आणि ट्रनियन नाही. आटा दिसायला तंतोतंत पाडता येतो, पण कोणत्या पोलादाचा, कोणत्या उष्णतेला किती कडक केलेला, हे नुसता नमुना बघून कळत नाही. झिजलेल्या आट्यावर वेल्डिंग भरून पुन्हा आटे पाडायचा सल्ला कोणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा भाग ठिसूळ होऊन जातो. इंग्लंडमध्ये हे सुटे भाग अजून नव्याने तयार होतात. मागवायला वेळ आणि कस्टम्स ड्युटी दोन्ही लागतात, तरी तेच मागवा. आल्यावर बसवण्याआधी हाताने फिरवून बघा. नवा भाग आहे म्हणून तो चांगलाच असेल असं नाही, कधी कधी नव्यालाही प्ले असतो.

डावा आणि उजवा वेगळा असतो का?

हो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. डब्यातून काढल्यावर लगेच चिठ्ठी लावा. फिरत नाही म्हणून पाना लावून जबरदस्ती केली की नवा भाग गेला.

परत बसवताना कुठे चुकतं?

तीन ठिकाणी. पहिलं, ट्रनियन पूर्ण आत फिरवून तसाच ठेवतात. मग एका लॉकला तो तळाला टेकून अडकतो. पूर्ण आत नेऊन साधारण एक फेरा मागे आणा आणि जोडणी झाल्यावर दोन्ही लॉकपर्यंत हाताने वळवून बघा, कुठेही घट्ट होता कामा नये.

दुसरं, रबरी बुशचे नट चाक लोंबत असतानाच आवळतात. रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली उतरवली की कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. ते नट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा आणि मगच आवळा.

तिसरं, जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालतात. दोन रुपयांची वस्तू आहे, नवी घाला.

जोडताना सील कोरडे बसवू नका. सगळं झाल्यावर निपलमधून ताजं ग्रीस सीलच्या कडेने डोकावेपर्यंत भरा. त्यानंतर टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत झुकलीत ते, तपासून घ्या, मायनरचं माप 3/32 इंच आहे, म्हणजे सुमारे 2.4 मिलिमीटर. अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये ही गाडी सापडणार नाही, तेव्हा आकडा कागदावर लिहून न्या.

शॉकअब उघडाच आहे तर त्याचं काय?

हात वर-खाली पूर्ण फिरवून बघा, विरोध सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच हलका पडला तर तेल कमी आहे किंवा वॉल्व्ह गेले. हाच वरचा आर्म असल्याने त्याच्या स्पिंडलला आडवा प्ले असला तर चाकाचा कल बदलतो, टायर एका कडेने खातो आणि लोक उगीच अलाइनमेंट करत बसतात. त्यात ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल घालू नका.

ग्रीस किती दिवसांनी?

माझा नियम 1,500 किलोमीटर किंवा तीन महिने, जे आधी येईल ते. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि गणपती झाले की एकदा, हे काही झालं तरी चुकवत नाही. दोन्ही बाजू मिळून ट्रनियनचे निपल चार आहेत. टाय रॉडच्या टोकांना निपल असतील तर तेही. साधं लिथियम ग्रीस चालतं.

पद्धत मात्र महत्त्वाची. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस मारलं तर ते वजन नसलेल्या बाजूने निघून जातं आणि आट्यांच्या दाबलेल्या बाजूला पोचत नाही. वर सांगितलं तसा आर्मखाली जॅक लावा, ग्रीस मारा, स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा, पुन्हा मारा. आधी निपल पुसा, नाहीतर बाहेरची वाळू तुम्हीच आत ढकलाल. सीलमधून जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसू लागलं की थांबा. गन दाबली जात नसेल तर निपल बदला, बदलूनही ग्रीस जात नसेल तर सांधा उघडा.

आणि हाय प्रेशर वॉशरवाल्याला पुढच्या चाकांच्या आत फवारा मारू देऊ नका. ते पाणी सील उचलून थेट आट्यांत जातं. पावसात सिंहगड रोडला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल, तर पुढच्या रविवारची वाट न बघता त्याच आठवड्यात ग्रीस मारा.

गाडी वर्षात दोनदाच रॅलीला निघते, तरी हे सगळं करायचं?

उभ्या गाडीचे सांधे जास्त गंजतात. हो, करायचं.

अँबॅसिडरला हेच लागू आहे का? पद्मिनीला?

अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3 वरून आली, तिलाही पुढे टॉर्शन बार आहे, त्यामुळे जोर काढून मगच उघडायचं ही काळजी तीच. पण भाग मायनरला बसत नाहीत. पद्मिनीचं सस्पेन्शन फियाटचं, कॉइल स्प्रिंगवालं. दाबलेली कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडणं याहून धोक्याचं आहे. तिच्यासाठी तिचंच मॅन्युअल घ्या आणि ते काम केलेल्या माणसाला शेजारी उभं करा.

आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, चालतंय तोवर चालू द्या. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका, ते तुमच्या गाडीला तुमच्या जन्माआधीपासून ओळखत असतील. त्यांना चहाला बोलवा, आर्मखाली जॅक लावा, टायरखाली पहार द्या आणि त्यांचं बोट खालच्या सांध्यावर ठेवायला सांगा. आमच्या काकांनी ठोका बोटाला लागल्यावर एक शब्द न बोलता पाना मागितला होता.